नाक झाकलं, गाल ठेवले

सामान उतरवणारी माणसं त्याला 'सिग्नल' म्हणत. का म्हणतात ते नव्या माणसाला समजावून सांगावं लागत नसे. नाक लाल, गाल लाल, आणि दुपार कलली की त्या सगळ्यावर तेलाची अशी चकाकी की खिडकीवरचा दिवा त्याच्या नाकाच्या शेंड्यावर स्पष्ट दिसायचा. डॉक्टरांनी कातडीचा स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं. "ऊन टाळा, तिखट टाळा, चहा गार करून घ्या आणि कुठली गोष्ट मनाला लावून घेऊ नका," असं ते म्हणाले होते. पहिल्या तिन्ही गोष्टी त्याने पाळल्या.

विमानतळावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यापलीकडे एक काचेची खिडकी होती. ज्यांची बॅग आली नाही त्यांनी तिथे जायचं. त्या खिडकीत तो गेली कित्येक वर्षं बसत होता, उजाडताना बसायचा ते दिवेलागणीला उठायचा. अनोळखी माणसाशी बोलताना ज्याची पाचावर धारण बसते, त्याने असं काम का धरलं, हे बायकोलाही कळलं नव्हतं. पण त्याला ती खिडकी आवडायची. लोक तावातावाने येत, दोन वाक्यं ओरडत, मग का कोण जाणे, त्यांचा आवाज खाली येई. "जाऊ द्या हो, तुम्ही थोडीच हरवलीत," असं म्हणून बॅगेत काय काय होतं ते सांगत बसत. एका आजोबांनी तर अर्धा तास सासरच्या माणसांबद्दल सांगितलं होतं. जगात त्याच्याशी इतकं कुणीच बोलत नसे. प्रवासी माणूस मुळातच सज्जन असतो, असं त्याचं मत झालं होतं.

मग साहेबांच्या जागी नव्या मॅडम आल्या.

पहिल्याच आठवड्यात, दुपारी, त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. त्याच्या नाकाकडे पाहिलं. जरा पुढे वाकून श्वास घेतला.

"घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो, मॅडम."

"संध्याकाळी एकटे नसता ना?"

त्याच्या लक्षात आलं, आणि जो काही पांढरा भाग चेहऱ्यावर शिल्लक होता तोही लाल झाला. आपण पीत नाही, असं सांगायला तोंड उघडलं. पण त्यांनी पिण्याचं नावच काढलं नव्हतं. न केलेला आरोप नाकारायचा कसा?

"महिनाअखेरीपर्यंत बघू," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या. "नाहीतर खाली गोदामात बसा. तिथे माणसं नाहीत, शांतता आहे. तुम्हाला बरं पडेल."

खालच्या गोदामात कुणी न नेलेल्या बॅगा असत. त्या सासरच्या माणसांबद्दल काही सांगत नसत.

घरी त्याने हे सगळं भिंतीकडे बघून सांगितलं. बायकोने मेहुणीला बोलावून घेतलं. मेहुणी नाटक कंपनीत रंगभूषा करायची. तिन्ही अंक दिव्यांखाली घाम गाळणाऱ्या नटाचा रंग ओघळू द्यायचा नाही, हा तिचा धंदा.

"बसा, भावोजी," ती म्हणाली. "आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाहीत, आज ऐका."

"मी सगळ्यांचंच ऐकतो."

"तेच म्हणते, आज फक्त माझं."

तिने त्याला कोमट पाण्याने तोंड धुवायला लावलं, घासू दिलं नाही. पाण्यासारखं पातळ क्रीम लावलं आणि ते मुरेपर्यंत हात मांडीवर ठेवायला सांगितले. मग चेहरा गुळगुळीत करणारं काहीतरी. मग लाल भागावर हिरवा रंग.

"हिरवा?"

"लालाला हिरवाच मारतो. बोलू नका, सुरकुतीत जातं."

बायको चहा घेऊन आली. नवऱ्याचं हिरवं नाक तिने नीट पाहिलं. "जेवायला किती वेळ आहे अजून?" तिने विचारलं आणि चहा गार व्हायला ठेवून गेली.

हिरव्यावर कातडीच्या रंगाचा अगदी पातळ थर, ओल्या स्पंजने थापटून. त्यावर पावडर, तीही दाबून. शेवटी डोळे मिटायला लावून फवारा मारला आणि हातात टिपकागदांची चळत ठेवली.

"तेल आलं की टिपायचं. पुसायचं नाही. रुमाल घरी ठेवायचा. तुम्ही पुसणाऱ्यांतले आहात, मला ठाऊक आहे."

असा चेहरा एकदा घरी करून पाहिल्यावर, दुसऱ्या दिवशी पहाटे मेहुणीकडून तसाच करून घेऊन तो खिडकीत बसला. सामान उतरवणाऱ्यांनी त्याला ओळखलं, पण नाव बदलावं की काय यावर त्यांची चर्चा झाली. चेहरा दगडासारखा शांत होता. दुपारीही शांत, दिवे लागले तरी शांत. मॅडम दोनदा येऊन गेल्या आणि दोन्ही वेळा समाधानाने मान हलवली.

प्रवाशांना मात्र त्या दिवशी काय झालं होतं कळेना. पहिला माणूस ओरडला आणि ओरडतच राहिला. एक बाई म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या लग्नाचे कपडे आहेत त्यात, आणि तुमच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही." तिसऱ्याने काचेवर थाप मारून विचारलं, "तुम्हाला काही वाटतं का?" त्याला फार वाटत होतं. आतून कान तापले होते. पण कानांवरही मेहुणीचा हात फिरला होता. असे चार दिवस गेले. त्याच्याविरुद्ध कधी तक्रार आली नव्हती. आता तक्रारपेटीचं झाकण नीट बसेना.

"केबिनमध्ये बोलावलंय," रात्री जेवताना त्याने भाताला सांगितलं. "सोमवारी. आता मॅडम म्हणतायत, तुम्ही प्रवाशांशी उद्धट वागता."

"तुम्ही?" बायकोने विचारलं, आणि बराच वेळ हसली.

मेहुणीला हसू आलं नाही. तिने ताट बाजूला सारून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती पडद्यामागून पहिल्या प्रयोगाकडे पाहत असेल.

"भावोजी, नाटकात कुणी दारुड्या असला की मी त्याच्या नाकाला लाल लावते. कुणी शरमलेला असला की गालांना. डबी एकच असते. तुमच्या तोंडावर इतकी वर्षं दोन्ही पात्रं एकदम बसली होती. मॅडमना एक दिसलं, प्रवाशांना दुसरं. लोक ओरडायचे, तुम्ही लाल व्हायचात, त्यांना वाटायचं बिचारा शरमेने मेला. मी दोघांनाही हाकललं. चूक माझी."

प्रवासी मुळात सज्जन असतात, या मताचा त्याला विचार करावा लागला. तो त्याने पुढे ढकलला.

"मग आता?"

"नाक झाकू. गाल ठेवू."

सोमवारी बोलावणं दुपारनंतरचं होतं. तोवर त्याने तीन माणसांच्या बॅगा शोधायला लावल्या होत्या. तिघेही आधी ओरडले होते, मग त्याच्या गालांकडे पाहून गप्प झाले होते, आणि तिसऱ्याने स्वतःहून पेटीत चिठ्ठी टाकली होती: माणूस फार भला आहे. मॅडमच्या टेबलावर ती चिठ्ठी उघडी होती.

मॅडमनी पुन्हा किंचित वाकून श्वास घेतला. पावडरीचाही वास नव्हता. मेहुणी वासाचं काही वापरत नसे.

"सोडलीत ना?" त्या म्हणाल्या.

"मॅडम, ते तसं–"

"नाव नको घ्यायला. मधले चार दिवस तुम्ही चिडचिडे झालात, तेव्हाच मी ओळखलं. सोडताना तसं होतं." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, परत उलगडली. "माझ्या थोरल्या भावाला अजून जमलं नाही. घरात कुणाशी बोलत नाही. तुम्ही एकदा भेटाल त्याला?"

खरं सांगायची हीच वेळ होती, हे त्याला कळत होतं. त्याने मॅडमकडे पाहिलं. त्यांची नजर चिठ्ठीवर होती. त्याचे गाल पेटले.

"यात लाजण्यासारखं काही नाही," मॅडम म्हणाल्या. "खिडकी तुमचीच आहे."

"रविवारी भेटतो," तो म्हणाला.

घरी त्याने हे सांगितलं तेव्हा दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तिथे जाऊन बोलणार काय?" बायकोने विचारलं. "कधी थेंब घेतला नाहीत तुम्ही."

"बोलणार नाही. बसेन. तो ओरडला तर ओरडू दे."

"आणि त्याने विचारलं तर?"

"तर खरं सांगेन. त्याच्याकडून मॅडमना कळलं तर कळलं."

मेहुणीने पेटी उघडली. "रविवारी येते मग सकाळी. काय झाकायचं, तेवढं आत्ता सांगा."

त्याने आरशात नाक एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं.

"रविवारी नको येऊस," तो म्हणाला. "नाक दिसू दे त्याला. नाहीतर दारच उघडायचा नाही."

बायकोने चहाच्या कपाला बोट लावून पाहिलं.

"झाला गार," ती म्हणाली. "घ्या."