बापूसाहेबांनी अडवलेलं क्वार्टर

मी एक शंख बोलतोय. मला नेहमीसारखं कानाला लावू नका. जबलपुरात लावलंत तर समुद्र कुठला, कांचघर चौकातल्या ऑटोंची घरघरच ऐकू येईल!

माझा जन्म कोकणातल्या एका छोट्या किनाऱ्यावरचा. समुद्रातल्या एका गोगलगाईने थरावर थर चढवत मला बांधलं. ती गेली, मी उरलो. पण किनाऱ्यावर काहीच फार काळ रिकामं राहत नाही. तिथे एक खेकडा असतो, त्याची शेपटी मऊ, आणि ती झाकायला त्याला स्वतःचं कवच नसतं. तो मेलेल्या गोगलगाईच्या शंखात राहतो. अंगाने वाढला की मोठा शंख शोधतो. माझ्यात असे तिघे राहून गेले.

चौथ्याची वाट पाहत मी वाळूवर पडलो होतो, तेवढ्यात बापूसाहेब आले. जबलपूरच्या सरकारी कारखान्यातले बाबू. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहत होते.

"काहून उचलून राहिले? कोणाचा असंल तो," त्यांच्या पत्नी हेमलताबाई म्हणाल्या.

"रिकामा आहे. कोणाचा नाही," असं म्हणत त्यांनी मला रुमालात बांधलं.

त्यानंतर बावीस वर्षं मी शोकेसमध्ये. एका बाजूला भेडाघाटचा संगमरवरी हत्ती, दुसऱ्या बाजूला रिटायरमेंटचं घड्याळ. एका दिवाळीत तर मला पितळेसारखं चिंचेने घासलं. अंगाची कोण आग झाली! पण बापूसाहेबांचं प्रेम खरं होतं. पाहुण्यांना म्हणायचे, "हा आमच्या घरचा समुद्र."

यंदा सुट्टीत नात आली. मेघना समुद्री जीवांचा अभ्यास करते. आल्या आल्या तिने आजोबांपुढे मोबाइल धरला. फोटोत एक खेकडा होता आणि त्याच्या पाठीवर टूथपेस्टचं झाकण.

"आबा, ये देखो. लोक पोती भरभरून शंख नेतात, शोपीस बनवतात. याला घरच नाही मिळालं."

"एका शंखानं काय होते, बेटा?"

"सगळे हेच म्हणतात!" मेघना उसळली. "हॉटेलवाला म्हणतो, एका भिंतीनं काय होतं. दुसरा म्हणतो, एक ट्रॉली वाळूनं काय होतं. तिसरा म्हणतो, चार खारफुटीची झाडं तोडली तर काय होतं. असाच तर किनारा जातो, आबा! एक मोठा शंख मिळाला ना, तर खेकडे लहानमोठे असे रांग लावतात. सगळ्यात मोठा नव्या शंखात जातो, त्याच्या जुन्यात दुसरा, दुसऱ्याच्या जुन्यात तिसरा. एका शंखानं पाच जणांची सोय होते."

बापूसाहेब ताठ बसले. "अच्छा? म्हणजे वेटिंग लिस्ट?"

तीस वर्षं त्यांनी कारखान्याची क्वार्टरं कामगारांना वाटण्याचंच काम केलं होतं.

हेमलताबाईंना हसू आवरेना. "घ्या! रिटायर माणसाले एक महिना जास्त राहू दिलं नाही, लगेच नोटीस. अन् स्वतः बावीस वर्षं दुसऱ्याचं क्वार्टर अडवून बसले!"

बापूसाहेबांनी मला हातात घेतलं. बराच वेळ अंगठा माझ्यावरून फिरत राहिला. पुन्हा शोकेसमध्येच ठेवतात की काय, या भीतीने मी गार पडलो. एकच तर समुद्र होता त्यांच्याकडे.

"चलो," ते शेवटी म्हणाले. "ताबा द्यायला मी स्वतः येतो. पण आधी कुठं तडा आहे का, ते पाहून घे. मोडकं क्वार्टर मी आजवर कोणाला दिलं नाही."

आता मी माझ्या ओल्या वाळूवर आहे. मेघना थोडी मागे उभी आहे. बापूसाहेब कुरकुरणारे गुडघे दुमडून उकिडवे बसले आहेत आणि समोर खरंच रांग लागली आहे. पहिला खेकडा माझं दार चाचपतोय. पाचवा, सगळ्यात धाकटा, पाठीवर टूथपेस्टचं झाकण घेऊन आलाय.

तुमच्याही शोकेसमध्ये माझं कुणी भावंड असेल. नसलं, तरी कधी समुद्रावर गेलात तर एवढंच लक्षात ठेवा : रिकामं दिसलं, म्हणून ते बेवारस नसतं.

बोलणं आवरतो, राहणारा आत येतोय. एक, दोन, तीन, चार... धाकट्यालाही मिळालं! बापूसाहेबांनी त्याने सोडलेलं झाकण उचललं, धोतराला पुसलं आणि रुमालात बांधलं.

"आता शोकेसमध्ये हे ठेवू," ते म्हणाले.