नऊ पदर

शालू गेली त्या दिवशी मी मार्केट यार्डातल्या फुलबाजारात शेवंतीसाठी घासाघीस करत होतो. शेजारच्या चंपावहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भावजी, असाल तिथून निघा."

"माल भरून निघतोच," मी म्हणालो.

"माल राहू द्या."

तरी मला समजलं नाही. मी गोण्या रिक्षात घातल्या आणि बिबवेवाडीला आलो. दारात चपलांचा ढीग बघितला तेव्हा समजलं. ती ओट्याशी उभी असतानाच पडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय.

सकाळी निघताना ती एवढंच बोलली होती, "अहो, तेजूच्या लग्नाचं स्टेज पदराचं करायचंय. शेवंतीचा अंदाज घेऊन या." मी बरं म्हणालो. विचारण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. आमच्या धंद्यात माळ एकपदरी असते, तीनपदरी असते, सातपदरीही असते. पदर म्हणजे माळेचा सर. दुसरं काय?

लग्नाची सजावट हा आमचा धंदा. बांबू, तारा, दोऱ्या माझ्याकडे, फुलं शालूकडे. मोठा डेकोरेटर ज्यांना झेपत नाही ते आमच्याकडे यायचे. शालू आधी त्यांच्या घरी जायची, कपाटं उघडायला लावायची, माळ्यावर काय पडलंय ते बघायची. घरात आहे ते आधी, फुलं नंतर. एका लग्नात तिनं जुनी तांब्याची घंगाळं घासूनपुसून त्यात झेंडू तरंगवला होता. लोक अजून त्याबद्दल विचारतात. तिच्या हातात कला होती, म्हणतात. त्या शब्दाचा मला वैताग येतो. कला म्हटलं की विषय संपतो. ती ते कसं करायची, हे कुणी विचारत नाही आणि मलाही सांगता येत नाही.

तेराव्यानंतर तेजस्विनीचा फोन आला. शालूनं घेतलेलं शेवटचं काम तिच्या लग्नाचं. मुलगी बिचारी चाचरत बोलत होती.

"काका, तुम्हाला जमणार नसेल तर बाबा दुसरं कुणी बघतो म्हणालेत."

"काही बघू नका. शालूनं शब्द दिलाय. ती म्हणाली होती तसंच होईल."

"पदराचंच ना?"

"पदराचंच."

"नऊ पदर चालतील का? काकू म्हणाल्या होत्या, जितके जास्त तितकं बरं."

"चालतील की. नऊपदरी झकास दिसेल."

पोरगी खूश झाली. मलाही जरा बरं वाटलं. एवढं एक काम शालूच्या मनासारखं करायचं, मग पुढं बघू, असं मी ठरवलं होतं.

लग्नाच्या सकाळी मी आणि संपत कार्यालयात पोहोचलो. संपत माझा बांबूकामातला जुना साथीदार. शेवंती ताजी राहावी म्हणून माळांवर चांगलं पाणी मारलं होतं. आठ सर बांधून झाले, नववा संपतच्या हातात होता, तेवढ्यात तेजस्विनी भली मोठी पिशवी घेऊन आली. मागून तिची आत्या, मंदाकिनीबाई. पेठेतल्या, तिरकं बोलणाऱ्या.

"हे घ्या काका. नऊ."

पिशवीत साड्या होत्या. पैठणी, इरकल, एक आजीची अंजिरी रेशमी.

"हे काय?"

"पदर. काकूंनी सांगितलेले."

संपतनं स्टेजकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. "आयला दत्तोबा, आपन येगळेच पदर आनले की."

"वा!" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "नशीब, पदर म्हणजे रस्त्याचे समजला नाहीत. नऊपदरी महामार्ग झाला असता इथं."

तेजस्विनी हसली नाही. म्हणाली, "काकू म्हणाल्या होत्या, घरातल्या सगळ्या बायकांचे पदर मागं शेजारीशेजारी सोडायचे. फुलं फक्त काठाला. फुलंही थोडी लागतील, आणि तू सगळ्यांच्या पदराखाली बसशील."

मी माळा उतरवल्या. दुसरं काय करणार? पहिली साडी बांबूवर टाकली, ती घसरून खाली आली. गाठ मारली तर पदर पिळल्यासारखा दिसायला लागला. मी टाचणी काढली.

"टाचणी?" मंदाकिनीबाई पुढं आल्या. "माझ्या पैठणीला? अहो, त्यापेक्षा मलाच टाचा."

"मग कसं लावू, सांगा तुम्ही."

"डेकोरेटर आपण आहात."

शेवटी दोरीचे फासे करून आजीची साडी कशीबशी उभी राहिली. चुण्याही बऱ्या पडल्या. काठाला शेवंती धरली आणि माळेतलं पाणी रेशमावर उतरलं. अंजिरी रंगात वरपासून खालपर्यंत काळा ओघळ. तेजस्विनीनं तोंडावर हात ठेवला.

माळ मी खाली आपटली. "हे असं होतं, तर तिला कसं करायचं होतं? फुलं ओली, साड्या रेशमी. कुणाला काही सांगितलंय का तिनं? का नुसतं पदराचं, पदराचं!"

संपत माझा दंड धरून म्हणाला, "हळू. मंगल काम हाय."

तेवढ्यात गुरुजींनी नवरीला हाक मारली. तेजस्विनीनं आजीची साडी बांबूवरून उतरवली, ओला भाग बाहेर ठेवून घडी घातली. बाकीच्याही स्वतःच पिशवीत भरल्या.

"माळाच लावा काका. असू दे."

ती भांडली असती तर बरं झालं असतं.

आम्ही माळा परत चढवल्या. अक्षता पडल्या, फोटो झाले. मंदाकिनीबाई स्टेजसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "सुरेख. चपला काढूनच वर यावंसं वाटतंय." मुलाकडच्या एका बाईंना मात्र खरंच आवडलं. माझा नंबर मागितला, आमच्या ओवीच्या लग्नात अगदी असंच करा म्हणाल्या. मी म्हणालो, "हे असं करायचं नव्हतं." त्यांना वाटलं मला काम नको आहे. त्या निघून गेल्या.

निघताना मी तेजस्विनीला सांगितलं, मंगळागौरीला पदरांचा पडदा करून देईन. ती हो म्हणाली. माझं मन राखायला म्हणाली असेल.

तेव्हापासून घरात दोन बांबू उभे करून शालूच्या साड्या लावून बघतो आहे. फुलबाजारात हार ओवणाऱ्या बायकांना विचारलं. एक म्हणाली, मागं प्लॅस्टिक लाव. ते उजेडात चकाकतं. दुसरी म्हणाली, फुलं कोरडीच ओव. ती दुपारपर्यंत माना टाकतात. चंपावहिनी म्हणतात, भावजी, जाऊ द्या आता, शालूताई असत्या तर त्याच म्हणाल्या असत्या. ती तसं म्हणाली नसती. तिनं काहीतरी योजलं होतं, आणि ते साधं असणार, घरातलंच असणार. मला ते सापडत नाही.

श्रावण जवळ आला आहे. चुण्या आता बऱ्या पडतात, साडी घसरत नाही. काठाला फुलं लावायचं जमलेलं नाही. पडदा अजून झालेला नाही.