मार्चमधली हजेरी

"बसा म्हणजे? शिक्का नाही मारायचा?" फिदेन्सियोनं काचेखालून कागद पुढे सरकवला.

व्हर्नानं कागद घेतला, पण शिक्क्याला हात लावला नाही. ओमाहाच्या इमिग्रेशन ऑफिसात या खिडकीमागे तिची एकोणीस वर्षं गेली होती. ग्वातेमालाहून आलेला, मांसाच्या कारखान्यात राबणारा हा माणूस सतरा वर्षं दर मार्चमध्ये तिच्यासमोर उभा राहत होता. त्याला देशाबाहेर काढायचा कोर्टाचा हुकूम जुनाच होता. पण अध्यक्ष आले-गेले, त्याला कुणी हात लावला नव्हता. हजेरी द्यायची, शिक्का घ्यायचा, कामावर जायचं.

"साहेबांना विचारून येते," ती म्हणाली.

आत तिचा साहेब डेल कॉफी ढवळत होता.

"याला तरी सोडा. सतरा वर्षांत एक हजेरी चुकली नाही त्याची."

"म्हणून तर सापडला. न येणारे कुठे सापडतात?"

"कायदा बदलला का?"

"कायदा तोच आहे गं. आधीचे अध्यक्ष म्हणाले, राहू दे याला. हे नवे म्हणतात, कुणालाच राहू द्यायचं नाही. कुणावर चालवायचा ते तिकडे वर ठरतं, तुझ्या खिडकीवर नाही."

"मग इतकी वर्षं मी मारले ते शिक्के कसले?"

"मेहेरबानीचे," म्हणत डेलनं फोन उचलला.

ती खिडकीशी परतली. पळा म्हणावं, तर उद्या घरातून उचलतील, बायकोमुलीदेखत. थांबा म्हणावं, तर आपल्याच तोंडानं त्याला पकडून दिल्यासारखं.

फिदेन्सियो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. "आज नाही मारणार तुम्ही. होय ना, बाई?"

"नाही."

त्यानं मान हलवली. मग वाकून बुटांच्या नाड्या ओढून काढल्या, पट्टा सोडला, घड्याळ उतरवलं. सगळं नीट गुंडाळून काचेखालून आत सरकवलं. "आत कोठडीत काढूनच घेतात म्हणे. लेक बाहेर गाडीत बसलीय. तिला द्या. आत येऊ नको म्हणावं."

बाजूचं दार उघडलं. एका हातानं पँट सावरत, सैल झालेले बूट फरफटू न देता तो सावकाश आत गेला.

व्हर्ना खिडकी बंद करून, त्याचं सामान घेऊन बाहेर आली. आवारात चार गाड्यांमध्ये कुणी ना कुणी वाट बघत बसलं होतं. त्याची गाडी कुठली, ते सतरा वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं.