लाईट जायच्या आधीचा फोटो

"फुलचंदभाऊ, डबा उघडून राह्यला का नाही?" नर्स निता दारातूनच ओरडली. "हिरीबाईले खुर्चीवर बसवलं. बाईचा दम पाहा कसा लागून राह्यला!"

कॉम्प्युटरवर बसलेल्या फुलचंदनं पुन्हा बटण दाबलं. स्क्रीनवर एकच ओळ होती, जागा संपल्याची. तिच्यामागे डबा गोठून पडला होता.

वाशीमच्या त्या डायलिसिस सेंटरात डबा म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर. जुनं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालेना, तेव्हा इंजिनिअर धनराजनं अख्खा जुना कॉम्प्युटरच एका मोठ्या फाईलीत कोंबून नव्याच्या पोटात बसवून दिला. कोणत्या पेशंटचं पाणी उतरल्यावरचं खरं वजन किती, अंगातलं पाणी किती ओढायचं, सगळं त्या डब्यात.

"अंदाजानं ओढू का पाणी?" निता म्हणाली.

"जानराव विसरली का?"

निता आत आली. एकदा अशीच लाईट गेली, डबा बिघडला आणि परत उघडला तो जुनंच वजन दाखवत. जानरावच्या अंगातून पाणी जास्त ओढलं गेलं. खुर्चीतच डोळे पांढरे केले त्यानं. वाचला, पण ते डोळे फुलचंदच्या मनातून गेले नाहीत.

त्यानंतर धनराजनं युक्ती शिकवली होती. डब्याचा फोटो काढायचा, म्हणजे त्या घडीला आत जे जसं आहे ते तसंच जतन करायचं. बिघडलं की फोटोतल्या घडीला परत जायचं. तेव्हापासून लाईट जायची वेळ झाली की फुलचंद फोटो काढी आणि त्याला नाव देई. 'हिरीबाईनं बोरं आणली'. 'पंखा बिघडला'. सगळ्यात पहिला, 'जानराव वाचला'. लाईट रोज जायची. फोटो रोज वाढायचे. पुसायची छाती त्याला कधी झाली नाही, आणि एकेका फोटोमागे डब्याचं पोट फुगत गेलं.

"या फोल्डरात त लठ्ठ लठ्ठ फायली हायेत," निता त्याच्या खांद्यावरून वाकली. "उडवा ना चार-दोन."

फुलचंदचं बोट बटणावर गेलं. तेवढ्यात स्पीकरवर लावलेला फोन धनराजनं उचलला, आणि निता म्हणाली, "फोल्डरातल्या फायली उडवून राह्यलो आमी."

"हात काढ! हात काढ तिथून! इटायच्या भितीसारख्या एकावर एक रचल्या हायेत त्या. खालची ओढली त सगळी भीत बसन. डब्याच्या यादीतून फोटो निवड अन् डिलीट दाब. डबा तो फोटो पुसत नाही, खालच्या थरात मुरवते."

"मंग डिलीट काहून म्हणते?"

"मले काय इचारतं? अन् आयक, मुरवाले थोडी जागा लागन. दुसरं काय भरून ठेवलं?"

"भगवंतराव साहेबांच्या पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ."

"उडव."

"साहेब मले उडवतीन!"

"अन् हिरीबाई उडाली त?"

नितानंच हात घालून व्हिडिओ उडवला. "माह्यं नाव सांगा. तशीबी मी त्यात बेक्कार नाचली."

"मुरत असताना मशीन बंद पडू देऊ नका," धनराज म्हणाला. "अर्ध्यात तुटलं त डबा गेला समजा."

फुलचंदनं पहिला फोटो वगळून बाकीचे एकेक निवडले. निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली.

"फुलचंदा," आतून हिरीबाईचा आवाज आला. धनजहून पहिल्या गाडीनं आली होती ती. तोंड सुजून डोळे बारीक झालेले. "सापडलं का रे माह्यं वजन?"

"सापडते, मावशी."

"गायीयेवढं असन पाहाय."

पट्टी अर्ध्यावर आली आणि पंखा मंदावला. लाईट गेली.

कॉम्प्युटरखालचं बॅटरीचं डबडं किंचाळायला लागलं. बॅटरी म्हातारी. बाहेर चौकीदार धरमसिंग जनरेटरचं हँडल फिरवत होता. इंजिन खोकत होतं, पेट घेत नव्हतं.

"धरमसिंग! बापा, कर ना लवकर!"

बॅटरीवर तेवढाच भार कमी व्हावा म्हणून फुलचंदनं स्क्रीन बंद केली. आता पट्टी दिसेना. काळ्या काचेत त्याला स्वतःचंच तोंड दिसत होतं, आणि त्याचे डोळे पाहून त्याला जानराव आठवला. खाली कॉम्प्युटरवर, काम चालू असल्याचा, एक लाल ठिपका लुकलुकत होता. तो विझू नये म्हणून की काय, फुलचंदनं पापणीही हलवली नाही.

इंजिन धडधडलं. किंचाळणं थांबलं.

निता स्क्रीनकडे वाकली, तर त्यानं तिचं मनगट धरलं. "थांब जराशी."

"कायले?"

त्यानं एकदा लाल ठिपक्याकडे पाहिलं. हात सोडला. तिनं स्क्रीन लावली. पट्टी शेवटाला टेकत होती. डबा जागा झाला. आजच्या तारखेसकट हिरीबाईचं पान उघडलं, आणि निता आकडा पुटपुटत आत पळाली.

लाईट आल्यावर फुलचंदनं फोटोंची उरलेली यादी धनराजला पाठवली, तसा त्याचा फोन आला. "तो एक काहून ठेवला? सगळ्यात लठ्ठ तोच. आठवड्यात पुन्हा अडन."

"राहू दे ना."

"फुलचंद, जानरावले जाऊन दोन वर्षं झाली. सोयऱ्याच्या गावी, झोपेत गेला तो. तुह्या हातानं नाही."

फुलचंदनं 'जानराव वाचला' निवडलं. बटण दाबलं. पट्टी सुरू झाली तसा तो उठून बाहेर आला.

"आता काहून आले?" धरमसिंग बिडी विझवत म्हणाला. "लाईट त हाय."

"मुरता मुरता गेली त?" फुलचंदनं जनरेटरच्या हँडलवर हात ठेवला. खिडकीतून हिरीबाई दिसत होती. तिचं रक्त नळीतून फिरून तिच्याकडेच परत जात होतं. लोखंड अजून गरम होतं. त्यानं हात काढला नाही.