अर्धी मांडी

मी दुसरा ब्रेक बोलतोय. पहिला ब्रेक सगळ्यांना माहीत असतो, तो गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो. मी डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या सोडल्या तर मी कुठे सापडायचा नाही, आणि लायसन हातात पडलं की लोक मला विसरतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. शिकणाऱ्याला माझी गरज उरू नये, यातच माझ्या नोकरीचं सार्थक होतं.

माझा जन्म सातिवलीतल्या एका पत्र्याच्या गाळ्यात झाला, सत्त्याण्णव साली. सदानंद नावाच्या वेल्डरने जाड पट्टी कापून मला वाकवलं, वर रबर बसवलं आणि खालून एक दांडा जोडला. तो दांडा गाडीच्या पोटाखालून पहिल्या ब्रेकला जाऊन मिळाला. मला दाबलं की तोही खाली जाणार, अशी आमची जोडी. काम संपल्यावर सदानंद माझ्या मालकाला म्हणाला, "सर, हा काय मोडत नाय. तुमचा पाय मोडंल, पन हा नाय."

माझा मालक सिप्रियन. वसईजवळच्या भातशेतीच्या गावातला. तरुणपणी तो ट्रकवर क्लीनर होता. त्याच्या ड्रायव्हरने त्याला गाडी शिकवली ती पान्याने बोटं फोडून. गिअर चुकला की पाना, क्लच चुकला की पाना. म्हणून जुनी फियाट घेऊन त्याने स्कूल काढलं तेव्हा एक नेम केला, शिकणाऱ्यावर आवाज चढवायचा नाही. तो नेम त्याने शेवटपर्यंत पाळला. आता वाटतं, एकदा तरी मोडायला हवा होता.

त्याची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. पहिले दोन दिवस तो कुणाला स्टिअरिंगला हात लावू देत नसे. आधी बॉनेट उघडायचं. रेडिएटरचं पाणी बघायचं, ऑइलची काडी पुसून पुन्हा बुडवायची, फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून बघायचा. मग जॅक लावून चाक काढायचं आणि स्टेपनी बसवायची. शेवटी जमिनीवर गोणपाट टाकून गाडीखाली शिरायचं आणि माझा दांडा डोळ्यांनी बघायचा. बँकेतल्या आशालताबाई नव्या साडीत आल्या होत्या. त्यांनाही त्याने सोडलं नाही. "मॅडम, ज्याच्यावर जीव टाकायचा तो आधी बघून घ्यायचा," तो म्हणाला. बाई कुरकुरत गाडीखाली शिरल्या आणि हसत बाहेर आल्या.

मग बोळिंज. तिथे तेव्हा प्लॉट पाडून रस्ते आखलेले होते आणि इमारती उभ्या राहायच्या होत्या. म्हशी आणि आम्ही, एवढीच वाहतूक. तिथे माझं खरं काम सुरू व्हायचं. शिकणारा घाबरला की ब्रेकवर नुसता पाय टेकवतो, दाबत नाही. सिप्रियन मला हळूच दाबायचा. मी खाली गेलो की शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही आपसूक खाली जायचा, गाडी थांबायची, आणि त्याला वाटायचं, आपणच थांबवली. माणसाला एवढंच हवं असतं. दहा दिवस मी दुसऱ्यांच्या नावावर गाड्या थांबवायचो.

अकराव्या दिवशी मात्र मांडीचा दिवस. फियाटची पुढची सीट अखंड बाकासारखी होती. सिप्रियन चपला काढून दोन्ही पाय वर घ्यायचा आणि देवळात बसावं तशी मांडी ठोकायचा. "आता मी पॅसेंजर. मारायचं का जगवायचं, तुझं तू बघ." शिकणाऱ्याच्या कपाळाला घाम फुटायचा. त्या दिवशी गाडी धक्के खात थांबायची, कधी गटारात एक चाक जायचं, पण थांबवायचा तो ज्याचा त्यानेच. मांडीचा दिवस पार पडल्याशिवाय सिप्रियन कुणाला परीक्षेला नेत नसे. आशालताबाईंची मांडी तीनदा फसली. चौथ्यांदा त्यांनी सायकलवाल्यापासून हातभर अंतरावर गाडी उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडल्या. सिप्रियनने त्यांना रडू दिलं. मला त्याचा फार अभिमान वाटला.

अशी शेकडो माणसं आमच्या हाताखालून गेली. मग दोन हजार दोन साली त्याची मुलगी रिटा शिकायला बसली.

रिटा एकुलती एक. वय अठरा, बोलकी, पटकन शिकणारी. बॉनेटखालचं सगळं तिला आधीच पाठ होतं, चाक तर ती दहा मिनिटांत बदलायची. तिची आई रोझमेरी गुडघ्यांनी हैराण होती. तिला कुठे न्यायचं तर रिक्षावाल्यांची मनधरणी. स्कूलची फियाट सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिकणाऱ्यांच्या ताब्यात असे. पण रिटाच्या सॅन्टनकाकाकडे, सिप्रियनच्या धाकट्या भावाकडे, एक पांढरी छोटी गाडी होती आणि ती अंगणात उभीच असायची. रिटाने ठरवलं होतं, लायसन मिळालं की मम्मीला त्या गाडीतून आपण न्यायचं.

पहिल्याच दिवसापासून मला कळलं की सिप्रियनचा पाय बदलला आहे. इतरांच्या वेळी तो वाट बघायचा. चूक होऊ द्यायचा, अगदी शेवटी मला दाबायचा. रिटाच्या वेळी वाट बघणं त्याला जमेना. लांबवर शेळी दिसली तरी मी अर्धा खाली गेलेलो असायचो. रिटा ब्रेकवर पाय टेकवायची आणि गाडी लोण्यासारखी थांबायची. "डॅडी, बघितलंत?" ती विचारायची. सिप्रियन म्हणायचा, "पाय हलका आहे हां तुझा, बाय. असा हलका पाय मी कोनाचा नाय बघितला." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. खोटं बोलण्याचा त्याचा हेतू नव्हता. त्याला ते खरंच वाटू लागलं होतं.

अकरावा दिवस गेला, पंधरावा गेला. एकविसाव्या दिवशी रिटाने गाडी बंद केली आणि सरळ विचारलं, "सगळ्यांना मांडी घालता. मला का नाही?"

 सिप्रियनने चपला काढल्या आणि उजवा पाय उचलून सीटवर दुमडला. रिटा बसली होती ती त्याच्या उजव्या हाताला. समोर बघत चालवताना तिला डोळ्यांच्या कडेने वर घेतलेला गुडघा दिसला, म्हणजे मांडी दिसली. डावा पाय मात्र खालीच होता, माझ्यावर. अनवाणी, घामाने ओला.

त्या दिवशी त्याने मला सात वेळा दाबलं. एकदा तर पुढे खेळणाऱ्या पोरांचा चेंडू आला तेव्हा इतकं घट्ट की माझं रबर सरकलं. रिटा खूश होऊन घरी गेली. रोझमेरीने शिरवळ्या केल्या, नारळाच्या गोड रसातल्या. अंगणात उभा राहून मी सगळं ऐकत होतो. मला ओरडावंसं वाटत होतं, पण लोखंडाला तोंड नसतं.

परीक्षा ठाण्याला झाली. सपाट जागा, पहिला-दुसरा गिअर, आठाचा आकडा. तेवढ्या कमी वेगात हलका पायही पुरला, मला दाबायची वेळच आली नाही. रिटा पास झाली.

पुढच्या वर्षी ऑगस्टात रोझमेरीचे गुडघे फारच सुजले. कामणला एक हाडवैद्य होता. रिटाने काकाची पांढरी गाडी मागून आणली आणि आईला शेजारी बसवून घेऊन गेली. परत येताना चिंचोटीपाशी, धबधब्यावर आलेल्या लोकांच्या गर्दीमुळे उतारावर एक डंपर थांबला होता. रिटाला तो वेळेत दिसला. तिने पायही वेळेत ठेवला, जसा ती नेहमी ठेवायची, तसा हलका. आणि गाडी थांबायची वाट बघितली.

रिटाचं मनगट मोडलं. रोझमेरी जागीच गेली.

मी तिथे नव्हतो. मला जे कळलं ते फियाटशी टेकून बोलणाऱ्या माणसांकडून कळलं. रिटा एकच वाक्य सांगत राहिली, "मी ब्रेक मारला होता, ब्रेक लागलाच नाही." गावाने ते उचललं. तपासणीत ब्रेक चांगला निघाला, पण कागदावर कोण विश्वास ठेवतो? सॅन्टनने गाडीची निगा राखली नाही, बिघडलेली गाडी पोरीच्या हातात दिली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. सॅन्टन दारोदार सांगत फिरला, मग थकून गप्प बसला. चर्चमध्ये मिस्सेला तो मागच्या बाकावर बसू लागला.

सिप्रियन हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याला पहिल्याच दिवशी सगळं उमगलं होतं. रोज सकाळी तो गाडीत येऊन बसायचा, माझ्यावर पाय ठेवायचा आणि उठून जायचा. स्कूल बंद पडलं. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. राग जास्त.

रोझमेरीच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर घरी जेवण होतं. सॅन्टन आला आणि फाटकापाशीच उभा राहिला. कुणी त्याला आत या म्हटलं नाही. रिटा बाहेर गेली आणि शांतपणे म्हणाली, "काका, ब्रेक बघून गाडी दिली असती तर मम्मी आज असती." सॅन्टनने मान खाली घातली आणि तो परत गेला. सिप्रियन माझ्यापासून चार हातांवर उभा राहून हे ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रिटाला गाडीत बसवलं, स्टिअरिंगपाशी. ती बसायला तयार नव्हती. "चालवायची नाय, बाय. फक्त पाय ब्रेकवर ठेव. दाबू नको."

तिने पाय ठेवला. सिप्रियनने मला दाबलं. तिच्या पायाखालचा ब्रेक हळूहळू खाली गेला.

रिटा पायाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे असंच लागायचं पायाला. नेहमी."

"हो."

"मांडीच्या दिवशी पण?"

सिप्रियनने उजवा पाय सीटवर घेतला. डावा खाली ठेवला.  "सात वेळा," तो म्हणाला.

रिटाने ब्रेकवरचा पाय काढून घेतला. "तुम्हीच म्हणायचात," रिटा म्हणाली, "पाय हलका आहे माझा." तिचा आवाज चढला नाही. ती उतरली, दार हळू लावलं आणि घरात गेली.

त्याच दुपारी सिप्रियनने पाना आणून माझे बोल्ट सोडवले. मला वर्तमानपत्रात गुंडाळून तो भावाच्या घरी गेला आणि मला त्याच्या पायरीवर ठेवलं. "तुझ्या गाडीचा ब्रेक चांगला होता, सॅन्टन. पोरीला ब्रेक मारता येत नव्हता. ते मला ठाऊक होतं."

सॅन्टन माझ्याकडे बघत राहिला. "वरीसभर तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. "ठेव तिथं. आन जा."

तेव्हापासून मी इथेच आहे. रबर गळून गेलंय, गंज चढलाय. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून सॅन्टन मला उंबऱ्याशी ठेवतो. सिप्रियनने गावभर खरं सांगितलं, पण त्या दारात तो पुन्हा आला नाही आणि त्याला कुणी बोलावलंही नाही.

तुम्हीही कुणाला ना कुणाला काहीतरी शिकवत असाल. हवं तेवढं सांभाळा, पण आपण सांभाळतोय हे त्याला कळू द्या. आणि एक दिवस दोन्ही पाय वर घ्या. जो पोटचा असेल, त्याच्यासाठी आधी घ्या.

गेल्या रविवारी रिटा काकाकडे आली होती. लायसन तिने केव्हाच फाडून टाकलंय. निघताना तिला मी दिसलो. ती उंबऱ्यावर बसली, चप्पल काढली आणि उजवा पाय माझ्यावर ठेवला. आधी हलका. मग दाबला. मग दात आवळून, दोन्ही हातांनी चौकट धरून दाबत राहिली. खाली दांडा नव्हता, पुढे गाडी नव्हती. सॅन्टन आतून बघत होता, त्याने तिला थांबवलं नाही.

इतक्या जोराने मला आजवर कुणीच दाबलं नव्हतं. बाय, एवढाच जोर लागतो. तो तुझ्या पायात होता.