वसुअक्काची गादी

कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे, बाशासाब पिंजाऱ्याचं दुकान होतं. त्याची एक गोष्ट मी सांगायचो. एकदा त्यानं शेरभर सावरीचा कापूस असा काही पिंजला, की तो फुगून दुकानाचं छप्पर उचललं गेलं आणि थेट अलसूरच्या तळ्यात जाऊन पडलं. पुढे चार दिवस लोक त्याच्यावर बसून मासे धरत होते. आमच्या बसवनगुडीच्या घरात ही गोष्ट सांगितली की सगळे हसायचे. सगळ्यांत जास्त वसुअक्का. "पुरे रे गुंडो," म्हणायची, "हसून पाठ दुखते."

ती पाठ खरोखरची दुखायला लागली सत्तावन्न साली.

वसुमती ही आमची थोरली बहीण. विसाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन माहेरी आली ती कायमची. पहाटे विहिरीचं पाणी शेंदायचं, ओलेत्यानं सोवळ्याचा स्वैपाक करायचा, चौदा पानं वाढायची आणि दिवस सरला की माजघराच्या फरशीवर चटई टाकून पडायचं. विधवेला गादी नाही, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. मीठ खारट असतं हे तरी कुठे शिकवतात?

त्या वर्षी विहिरीच्या काठावर तिचा पाय घसरला आणि भरलेली कळशी कमरेवर आली. तीन आठवडे तेल झालं, शेक झाला, तरी सरळ उभं राहता येईना. शेवटी मी तिला कँटोन्मेंटातल्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं मणका न् मणका चाचपला.

"औषध स्वल्पच देतो," तो म्हणाला, "खरं औषध झोपण्यात आहे. गार फरशी नको. खड्डा पडणारी मऊ गादीही नको. लाकडी फळीवर घट्ट भरलेली कापसाची गादी टाका, मुठीनं दाबली तरी दबता कामा नये. नाहीतर या बाई कायमच्या वाकतील."

परत येताना शिवाजीनगरात बस बदलायची होती. समोर बाशासाबचं दुकान. अक्का पायरीखालीच थांबली.

"आओ अक्का, हात लगाके देखो," बाशासाब म्हणाला.

अक्कानं पहिल्या गादीवर तळवा ठेवला. "ही लोण्यासारखी. बसलं की तळ गाठणार." दुसरीच्या कडेला गाठी निघाल्या. तिसरीला टाके विरळ, म्हणजे सहा महिन्यांत कापूस पायथ्याशी गोळा. कणीक बघावी तशी ती मुठीनं एकेक गादी बघत गेली. सहावीपाशी थांबली. रस्त्यावर आपलं कुणी नाही ना, हे दोन्ही बाजूंना बघून घेतलं, पदर सारखा केला आणि हळूच आडवी झाली.

"गुंडो," डोळे मिटून म्हणाली, "पाठ कुठे आहे तेच कळत नाही रे."

मी दोन बसगाड्या जाऊ दिल्या.

घरी पोचलो तेव्हा ओसरीवर नरसिंहअण्णा बसला होता. माझा थोरला भाऊ, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. घरात त्याचाच शब्द. शेजारी आमचे पुरोहित भीमाचार्य पंचांग उघडून. डॉक्टर जे बोलला ते जसंच्या तसं सांगितलं असतं तर चार वाक्यांत संपलं असतं. पण या जिभेला साधं खरं कधी पुरलंच नाही.

"अण्णा, डॉक्टर म्हणाला, अक्काचे मणके रोज बोटभर सरकतायत. दिवाळीपर्यंत मान कमरेत येणार! मद्रासला एक बाई अशीच फरशीवर झोपायची. शेवटी घरच्यांनी तिची घडी घालून ट्रंकेत ठेवली. आता घट्ट गादी आणली तरच धडगत आहे."

अण्णा खदखदून हसला. "त्या तळ्यातल्या छपरावर बसला होता तोच ना हा डॉक्टर?"

"आईची शपथ, अण्णा. गादीचं खरं आहे."

"लालबागेत वाघ दिसला तेव्हापण आईचीच घेतलीस."

भीमाचार्यांचं हसू मात्र ओसरलं. "विधवेनं गादीवर निजायचं? चटई. फार तर कांबळं. डॉक्टरला शास्त्र काय ठाऊक?"

अण्णानं आत हाक मारली. अक्का भिंत धरत दारापर्यंत आली.

"अक्का, तुला गादी पाहिजे म्हणे?"

डॉक्टर असं म्हणाला का, एवढं विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. पाहिजे का, या प्रश्नाला आमच्या घरांतल्या कुठल्याच विधवेनं आजवर हो म्हटलेलं नाही.

"मला कशाला?" ती म्हणाली. "चटईची सवय आहे. गुंडोचं काय ऐकता."

आणि स्वैपाकघरात गेली.

तीन वर्षांत ती वाकत गेली. शेवटी शेवटी तिला माणसांची पावलं तेवढी दिसायची. माझ्या अंगठ्यावरून मला ओळखायची. साठच्या मार्गशीर्षात गेली. तिरडीवर बांधताना पाठ सरळ होईना. हे मी रचलेलं असतं तर बरं झालं असतं.

भीमाचार्यांनी बाराव्याची यादी केली. त्यात शय्यादान. मेलेल्या माणसाला तिकडे सुखानं निजता यावं म्हणून ब्राह्मणाला अंथरूण द्यायचं: पलंग, गादी, उशी, चादर. घेणारे अर्थात तेच.

"गादी चांगली बघ, गुंडो," आचार्य म्हणाले. "तिकडे तिला त्रास नको. आणि मऊ बघ. माझी कंबर हल्ली फार धरते."

"सरी, आचार्य, बघतो," मी म्हटलं.

बाशासाबला सांगितलं, जुना बसलेला कापूस घे, वर काथ्या घाल, लाथेनं ठास, आणि चार-चार बोटांवर टाका मार.

"क्या सामी, गद्दी होना क्या चबूतरा?"

"चबूतरा."

ती गादी आणायला दोन हमाल लागले. तिसरा वाटेत पळाला. आचार्यांची कंबर आता कशी मोडते, एवढीच वाट बघत मी ते वर्ष काढलं.

अक्काच्या वर्षश्राद्धाला आचार्य आले ते खांबासारखे ताठ. तीन तास पाटावर बसले, एकदाही भिंतीला टेकले नाहीत.

"काय गादी निवडलीस रे गुंडो!" दक्षिणा कनवटीला लावत म्हणाले. "पहिले आठ दिवस शिव्या दिल्या तुला. मग कंबर अशी मोकळी झाली, की विचारू नकोस. कँटोन्मेंटातल्या डॉक्टरला दाखवलं. म्हणाला, अशीच पाहिजे. घट्ट, मुठीनं न दबणारी."

अण्णा पुढे सरकला. "माझीही पाठ हल्ली दुखते. गुंडो, तशीच एक मला सांग त्या बाशाला."

"अण्णा," मी म्हटलं, "त्या दिवशी डॉक्टरनं अक्काला हेच सांगितलं होतं. शब्दाला शब्द हेच."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"आज तरी सोड रे," म्हणाला. "श्राद्धाच्या दिवशी तरी थापा नकोत."