अंगदची बैठक

अंगदनं ड्रिल मशीन बंद केलं आणि कयाकच्या, त्या एकट्यानं वल्हवायच्या बोटीच्या, पोटात डोकं घातलं. आत लाल प्लास्टिकचा भुसा पडला होता. दोन्ही बाजूंना नवी भोकं पडली होती, अगदी एका रेषेत. हात बसलेला माणूस, भोक वाकडं पडायचा प्रश्नच नव्हता. ते पाडायला हवं होतं का, हा प्रश्न होता, आणि तो त्या संध्याकाळी सगळ्या घनसावंगीत फक्त त्याच्या बायकोला, शीतलला पडला होता.

"किती सरकवली?" उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या शीतलनं विचारलं.

"चार बोटं."

"बोट चार बोटं?"

"बोट न्हाई. बैठक."

दुसऱ्याच्या वस्तूला भोकं पाडायच्या आधी विचारावं तरी, असं ती पुटपुटली. अंगदनं फोन तिच्यासमोर धरला. बोट ज्यांची होती त्या गंधालीताईंचा, मागचा व्हिडिओ पाहून आलेला मेसेज होता: 'अंगद, बैठक बदल. बाकी सगळं जमतंय.' लिहिलं होतं ते स्वच्छ होतं. ताईंनीच सांगितलं म्हटल्यावर शीतल काय बोलणार? तिनं शेंगांची टरफलं झाडली आणि आत जाता जाता एवढंच म्हणाली, "तुम्ही सगळ्या दुनियेला पाना लावला. सवताला कधी लावान?"

हे खोटं नव्हतं. अंगद जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कारखान्यात फिटर होता. मशीन अडलं की मशीनलाच काहीतरी करायचं, हा त्याचा धर्म, आणि हा धर्म तो घरीही पाळत असे. कूलरला धुण्याच्या मशीनची मोटार बसवलेली, आईच्या खाटेचे पाय कापून बुटके केलेले, दुचाकीचं सीट इतक्या वेळा वरखाली केलेलं की त्यावर दुसरं कोणी बसायला धजत नसे. बरं, बहुतेक वेळा ते जमूनही जाई. माणसाला हीच सवय वाईट लागते.

पण कयाक ही काही त्याची वस्तू नव्हती. ऐन विशीत तो एका ठेकेदाराबरोबर कोलाडला नदीकाठच्या कॅम्पवर स्वयंपाकाला गेला होता. तिथं कयाक शिकवणाऱ्या गंधालीताई निघाल्या जालन्याच्या. गावचं माणूस म्हणून त्यांनी त्याला एका दुपारी भाकरीच्या पिठाच्या हातांनिशी पाण्यात ओढलं. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या मुलखातला हा पोरगा, पोहणंसुद्धा येत नव्हतं. ताई त्याला बसवलेली बोट धरून छातीएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि त्याची थरथर थांबेपर्यंत हलल्या नाहीत. मग "सोडते आता," म्हणाल्या आणि सोडलं. आयुष्यात कुणी आपल्यासाठी इतका वेळ उभं राहिलं होतं, हे अंगद कधी विसरला नाही.

वडील गेले तसा तो गावी परतला, नोकरीला लागला, लग्न झालं. इकडे ताईंचा खांदा तीनदा निखळला आणि ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वल्हं कायमचं बंद केलं. त्या पुण्यात एका कचेरीत टेबलामागे बसू लागल्या. त्यांची आखूड, टोकं चपटी असलेली, पाण्यात उड्या मारायची बोट एके दिवशी कांद्याच्या टेम्पोतून अंगदकडे आली. सोबत निरोप होता, 'पडून राहिली तर सडेल. तू चालव.'

गोदावरीत वरच्या धरणातून पाणी सोडलं की बंधाऱ्याच्या बरंच खाली, खडकाच्या पायरीवर एक लाट उभी राहते. ती पुढे जात नाही, मागे येत नाही. सुट्टीच्या दिवशी अंगद तिथं जाई. बद्रीनाथ हा जीपवाला दोस्त टपावर बोट बांधून न्यायचा आणि काठावर दोर घेऊन उभा राहायचा. गावानं बोटीचं नाव 'चप्पल' ठेवलं होतं.

अंगदला त्या लाटेत कोलांटी मारायची होती. बोटीचं नाक पाण्यात घालायचं, बोट नाकावर उभी राहिली की आपणही पायांवर उभं राहायचं, उडी घ्यायची आणि बोटीसकट पुढे उलटून पुन्हा लाटेत येऊन बसायचं. ताई ती मारत असत. त्यांच्या बोटीत बसून एकदा तरी ती त्यांना दाखवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. खांद्याचं नुकसान काही त्याला भरून देता येणार नव्हतं, पण बोट सडली नाही हे तरी त्यांना दिसावं.

तीन हंगाम झाले, कोलांटी होत नव्हती. त्यानं कमरेशी स्पंज भरला, पुढच्या टोकात वाळूची पिशवी बांधली, मागचं टोक घासून पाहिलं. आणि आता बैठक सरकवली.

रविवारी लाटेत शिरल्याबरोबर बोटीनं नाक खुपसलं, लगेच ते वर उसळलं आणि बोटीनं त्याला आडवं पाडून खडकाकडे नेलं. बद्रीनाथचा दोर बरोबर हातात आला म्हणून नुसतं कोपरावर निभावलं. "तुझी चप्पल आज लई चावून राह्यली," बद्रीनाथ म्हणाला. त्यानं काढलेला व्हिडिओ अंगदनं इमानानं ताईंना पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अंगद, मी बैठक बदल म्हटलं होतं ना?"

"बदलली की, ताई. चार बोटं पुढं घेतली. नवी भोकं पाडली."



"अरे, बोटीची नाही," त्या म्हणाल्या. "तुझी. तू मागे रेलून बसतोस."

आता कुठे अंगदच्या डोक्यात उजेड पडला. बैठक म्हणजे सीट, बैठक म्हणजे बसणंही; कारखान्यात राहून त्याला पहिलाच अर्थ माहीत उरला होता. आणि या अडाणीपणापायी त्यानं ताईंच्या बोटीला भोकं पाडली होती. जी वस्तू त्यांनी खांदा गेल्यावर त्याच्या भरवशावर सोडली, ती त्यानं चाळणी करून ठेवली. तो काही बोलायच्या आत ताईंनी सांगितलं की पुढच्या रविवारी त्या वडिलांना भेटायला जालन्याला येतायत, तर नदीवरही येतील. धरणातून पाणी सोडण्याचा तो यंदाचा शेवटचा रविवार होता.

रात्रीच्या जेवणाला त्यानं तोंड लावलं नाही. मुलाचं काय बिनसलं म्हणून झुंबरबाईंनी, त्याच्या आईनं, तो व्हिडिओ मागून घेतला आणि डोळे बारीक करून दोनदा पाहिला.

"उलाळ झाली की रे गाडी," त्या म्हणाल्या.

बैलगाडीत मागं वजन जास्त झालं की पुढचं जू वर उचललं जातं, त्याला उलाळ म्हणतात. हे अंगदलाही ठाऊक होतं, पण बैल विकून इतकी वर्षं झाली होती की शब्द विसरायला झाला होता.

"तुझा बाप गाडी उलाळ झाली म्हणून चाकं काढत बसायचा न्हाई. सवता पुढं सरकायचा. घे, जेव आता."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर अंगदनं बैठक काढून जुन्या भोकांवर आणली. नव्या भोकांत रबर घालून बोल्ट आवळले. स्पंज काढला, वाळूची पिशवी सोडली. बोट ताईंनी पाठवली होती तशी झाली, अंगावरची ठिगळं सोडून. मग अंगणात पाट मांडून तो पाय लांब करून बसला. कमरेतून पुढे वाकायचं, छाती उचललेली ठेवायची, पाठ रेलू द्यायची नाही. वाचायला सोपं आहे. बसून पाहिलं तर पोटऱ्या बोंबलतात. शीतल त्याच्या पावलांवर बसून मागे कलला की पाठीत चिमटा काढी. हे काम तिनं जरा जास्तच मन लावून केलं. शेजाऱ्यांना वाटलं, अंगदनं योगासनं सुरू केली. हप्ताभर त्यानं पान्याला हात लावला नाही, म्हणजे घरी. आणि एका संध्याकाळी, घामाघूम होऊन पाटावरून उठताना, त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. आपल्यासाठी कुणी फोन करतं, कुणी व्हिडिओ दोनदा पाहतं, कुणी पायावर बसतं. आणखी काय पाहिजे असतं?

रविवारी गंधालीताई नदीवर आल्या; शीतलही सोबत होती. केस पांढरे झालेले, चाल तीच. उजवा हात त्या अंगाशी धरून चालत होत्या. अंगद पाया पडला आणि उठता उठता बोलून मोकळा झाला, "ताई, चूक झाली. बोट खराब केली मी."

ताई बोटीपाशी बसल्या. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्याच्या नव्या बोल्टवरून फिरवलं, मग तसंच मागं सरकवत नेलं आणि एका बुजवलेल्या भोकावर थांबवलं. अंगदला ते भोक माहीत होतं. कंपनीचंच असेल असं तो समजत आला होता.

"हे माझं," ताई म्हणाल्या. "आणि पलीकडचंही. मीपण आधी बोटीलाच भोकं पाडली होती. मला सांगायला कोणी नव्हतं, पाच हंगाम फुकट गेले माझे. तुझे दोन वाचले."

अंगदला हसावं की रडावं कळेना. त्यानं दोन्ही थोडं थोडं केलं आणि शिरस्त्राणाचा पट्टा आवळायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

पहिल्यांदा लाटेनं त्याला फेकून दिलं. दुसऱ्यांदाही. बोट उभी राहायची आणि ऐन वेळी पाठ जुन्या सवयीनं मागं जायची. तिसऱ्यांदा आत शिरताना त्यानं काठाकडे पाहिलं. ताई खडकावर बसल्या होत्या, ताठ, कमरेतून किंचित पुढे झुकून, जणू लाटेत त्याच होत्या. अंगद तसा बसला. नाक पाण्यात गेलं, बोट उभी राहिली, तो तिच्याबरोबर उभा राहिला आणि पुढे झेपावला. आभाळ पायांखालून गेलं. मग पुन्हा लाट, पुन्हा काठ, आणि बोट सरळ.

"पडला का परत?" दोर सरसावत बद्रीनाथनं विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "पडला नाही."

टाळ्या वाजवायला त्यांनी हात उचलले, पण उजवा छातीपर्यंतच आला. मग त्यांनी डावा हातही तिथंच आणला आणि खालच्या खालीच टाळी वाजवली. अंगदनं ती पाण्यातून पाहिली. पाण्याच्या आवाजात ऐकू मात्र आली नाही.

दुपारी पाणी उतरायला लागलं. लाट बसली. काठाशी एक शांत डोह होता, तिथं अंगदनं बोट आणून लावली आणि ताईंकडे पाहिलं. त्यानं काही विचारलं नाही. ताईंनीही खांद्याचं कारण सांगितलं नाही. शीतलनं त्यांचा डावा हात धरला आणि त्या बोटीत उतरल्या. अंगद छातीएवढ्या पाण्यात बोट धरून उभा राहिला.

ताईंनी कंबर एकदा इकडून तिकडे हलवली. वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"बैठक बराबर हाय का, ताई?"

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सोड आता."

अंगदनं हलकेच पुढे ढकललं आणि सोडलं. बोट त्याच्या हातांनी दिला तेवढा जोर संपेपर्यंत गेली आणि डोहाच्या मध्यावर थांबली. ताईंनी वल्ह्याला हात लावला नाही. पाठ ताठ ठेवून, कमरेतून किंचित पुढे झुकून, त्या तशाच बसून राहिल्या, आणि अंगद रिकामे हात पाण्यात सोडून उभा राहिला.